विश्लेषण : जमिनीखालची फायबर नेमकी कुठे तुटली, हे कसे शोधतात?

रस्त्याच्या कामात जेसीबीने खोदताना केबल तुटते आणि पुढच्याच मिनिटाला शेकडो घरांतल्या इंटरनेटच्या डब्यांवर लाल दिवा लागतो. कुणाचा परीक्षेचा अर्ज अर्धवट राहतो, कुणाच्या दुकानातले पैसे अडकतात, घरून काम करणारा मीटिंगमधून बाहेर फेकला जातो. तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते : ‘फायबर कट आहे, काम सुरू आहे.’ हे काम म्हणजे नेमके काय? काही किलोमीटर लांबीच्या, जमिनीत गाडलेल्या केबलमधला केसाएवढा काचेचा तंतू कुठे तुटला, हे शोधतात कसे? आणि यंत्र ती जागा काही मिनिटांत सांगत असेल, तर दुरुस्तीला कधीकधी अख्खा दिवस का जातो?

फायबरमधून प्रकाश जातो कसा आणि कमी का होतो?

ऑप्टिकल फायबर म्हणजे अतिशुद्ध काचेचा तंतू. त्याची बाहेरची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. गाभ्याच्या कडेवर आदळून प्रकाश पुन्हा आतच वळतो आणि असा पुढे सरकत राहतो. हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही.

कितीही शुद्ध काच असली तरी प्रकाश वाटेत थोडा थोडा कमी होतो. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धतेचा आहे. चार वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने लांब पल्ल्याला चालेल अशी पहिली फायबर बनवली. काव यांना या कामासाठी २००९ मध्ये नोबेल मिळाले. आजच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल इतकीच असते. डेसिबलचा हिशेब सोपा आहे : ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरला.

घरापर्यंत किती प्रकाश पोहोचायला हवा?

घरगुती फायबर इंटरनेटची रचना झाडासारखी असते. कंपनीच्या केंद्रातून एक तंतू निघतो. वस्तीत आल्यावर ‘स्प्लिटर’ नावाच्या छोट्या काचेच्या भागात त्याच्या ३२ किंवा ६४ फांद्या होतात, कधी एका टप्प्यात, कधी दोन. स्प्लिटरला वीज लागत नाही. तो फक्त प्रकाश वाटतो. प्रत्येक घरात पोहोचणारी बारीक तार ही त्यातली एक फांदी.

एक उदाहरण घेऊ. केंद्रातून २ मिलीवॉटचा प्रकाश निघाला. तंत्रज्ञांच्या भाषेत हे झाले अधिक ३ डीबीएम. ३२ फांद्यांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ डेसिबल गेले. ५ किलोमीटर काचेत दीड डेसिबल गेला. चार कनेक्टर आणि सहा जोडांत मिळून आणखी पावणेदोन-दोन डेसिबल गेले. घरात पोहोचला उणे १७ डीबीएमच्या आसपास, म्हणजे एका मिलीवॉटचा पन्नासावा भाग. सर्वाधिक प्रचलित प्रकारातला घरचा डबा उणे २७ डीबीएमपर्यंत, म्हणजे मिलीवॉटच्या पाचशेव्या भागापर्यंत, प्रकाश ओळखू शकतो. मधले १० डेसिबल ही राखीव शिल्लक.

बहुतेक तपासणी या जमाखर्चाभोवती फिरते. शिल्लक हळूहळू घटली तर इंटरनेट आधी मधूनच अडखळते आणि मग एके दिवशी बंद पडते. केबल तुटली तर शिल्लक एका क्षणात संपते.

लाल दिवा नेमके काय सांगतो?

बहुतेक डब्यांवर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे डब्याला केंद्राकडून प्रकाश मिळत नाही, किंवा पुरेसा मिळत नाही. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश ठीक येतो आहे आणि अडचण वायफाय, राउटर किंवा कंपनीच्या यंत्रणेत असू शकते. ‘पॉन’ सतत लुकलुकत असेल तर डबा केंद्राशी जोडणी करू पाहतो आहे, पण जमत नाही.

तिकडे केंद्रातही चित्र दिसत असते. घरातली वीज गेली तर बंद पडण्यापूर्वी डबा एक शेवटचा संदेश केंद्राला पाठवतो. संदेश न येता डबा गायब झाला तर शंका फायबरवर जाते. एकच घर बंद असेल तर दोष त्या घराच्या फांदीत. एका स्प्लिटरवरची सगळी घरे बंद असतील तर दोष स्प्लिटरच्या मागच्या तंतूत. एकाच वेळी अनेक स्प्लिटर गेले तर मुख्य केबलच तुटलेली. रस्त्यावर माणूस जाण्यापूर्वी अर्धी तपासणी अशी झालेली असते. म्हणूनच तक्रार करताना ‘शेजारच्यांचेही बंद आहे’ ही माहिती फार कामाची ठरते.

घरी येणारा तंत्रज्ञ काय तपासतो?

त्याच्याकडे साधारण तीन छोटी साधने असतात. पहिले पॉवर मीटर. डब्याची तार काढून मीटरला लावली की किती प्रकाश पोहोचतो आहे, याचा आकडा दिसतो. हाच आकडा आधी जिन्यातल्या पेटीत आणि मग खांबावरच्या पेटीत मोजला की प्रकाश कोणत्या टप्प्यात हरवला, हे समजते.

दुसरे साधन पेनासारखे, लाल प्रकाशाचे. एका टोकाकडून हा प्रकाश सोडला की तार जिथे मोडली किंवा जास्त वाकली आहे, तिथे आवरणातून लाल ठिपका चमकतो. काही किलोमीटरच्या आत, आणि तार डोळ्यांसमोर असेल तिथेच, हे उपयोगी पडते. जमिनीखाली ते निरुपयोगी.

तिसरे साधन कनेक्टरचे टोक मोठे करून दाखवणारा छोटा सूक्ष्मदर्शक. ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर धुळीचा एखादा कण किंवा बोटाचे तेल आले तरी प्रकाश अडतो. म्हणून आधी पाहा, मग साफ करा, मग जोडा, हा या कामातला मूळ नियम. कनेक्टरचे रंगही महत्त्वाचे. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे सरळ. हिरव्यात निळा बसवला तर तो बसतो, पण दोन काचांमध्ये फट राहते आणि बराच प्रकाश वाया जातो.

मग जमिनीखालची तूट कशी दिसते?

त्यासाठी वापरतात ओटीडीआर हे यंत्र. पाणबुडीचे सोनार आवाजाने जे करते, ते हे यंत्र प्रकाशाने करते. फायबरच्या एका टोकाकडून प्रकाशाचा अतिशय छोटा स्पंद सोडला जातो. काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे प्रकाशाचा अगदी किंचित भाग सतत मागे विखुरला जातो. याला रॅले विकिरण म्हणतात. आकाश ज्यामुळे निळे दिसते, तीच ही प्रक्रिया. मागे आलेला हा अंधुक प्रकाश यंत्र मोजत राहते. फायबर तपासण्याची ही पद्धत १९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन या संशोधकांनी मांडली.

काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर असतो. म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सुमारे ९.८ मायक्रोसेकंद लागतात. समजा, शेवटचा परतावा ६२ मायक्रोसेकंदांनी आला आणि पुढे काहीच आले नाही. तर काच सुमारे ६.३ किलोमीटरवर संपली आहे.

यंत्राच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेषा दिसते. रेषेचा उतार म्हणजे काचेतली नेहमीची घट. मध्येच छोटी पायरी दिसली तर तिथे जोड किंवा वाक आहे. टोकदार उंचवटा दिसला तर तिथे कनेक्टर किंवा तडा आहे. रेषा एकदम तळाला गेली तर तंतू तिथे संपला.

यंत्र नेहमी खरेच सांगते का?

नाही, आणि इथेच अनुभवी माणूस लागतो. जोरदार परतावा आल्यावर यंत्र क्षणभर आंधळे होते, त्यामुळे सुरुवातीच्या काही मीटरमधला दोष दिसत नाही. म्हणून यंत्र आणि फायबर यांच्यामध्ये एक लांब जादा तार लावतात. दोन कनेक्टरमध्ये प्रकाश मागेपुढे आदळला की नसलेल्या जागी खोटा उंचवटा दिसतो. वेगवेगळ्या बनावटीच्या दोन फायबर जोडल्या असतील तर जोडावर प्रकाश वाढल्यासारखाही दिसतो, जे शक्यच नाही. यावर उपाय एकच : दोन्ही टोकांकडून मोजायचे आणि सरासरी घ्यायची.

वाक ओळखण्याची एक युक्ती आहे. वाकलेल्या फायबरमधून १५५० नॅनोमीटरचा प्रकाश १३१० पेक्षा जास्त सांडतो. एकाच ठिकाणी १३१० वर घट थोडी आणि १५५० वर भरपूर दिसली, तर तंतू तुटलेला नाही, कुठेतरी दाबला किंवा आवळला गेला आहे. अशा वेळी खोदायची गरज नसते. चेंबर उघडून आवळलेली पट्टी सैल केली तरी काम भागते.

झाडासारख्या रचनेत आणखी एक अडचण येते. केंद्राकडून स्पंद सोडला तर ३२ फांद्यांचे परतावे एकमेकांत मिसळतात. म्हणून एका घराचा दोष शोधताना बहुधा त्या घराकडून केंद्राच्या दिशेने मोजतात. त्यासाठी १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, म्हणजे शेजाऱ्यांचे सुरू असलेले इंटरनेट बिघडत नाही.

आकडा मिळाला, तरी जागा का सापडत नाही?

उशिराचे सर्वात मोठे कारण इथे आहे. यंत्र सांगते ती काचेची लांबी असते, रस्त्याची नव्हे. केबलच्या नळीत तंतू थोडा सैल, पिळासारखा असतो, त्यामुळे तो केबलपेक्षा लांब भरतो. शिवाय पुढच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक चेंबरमध्ये काही मीटर केबलचे वेटोळे ठेवलेले असते.

वरच्या उदाहरणात तंतू केबलपेक्षा एक टक्का लांब धरला तर सहा किलोमीटरमागे साठेक मीटर झाले. वाटेत दहा चेंबर आणि प्रत्येकात १५ मीटरचे वेटोळे असेल तर दीडशे मीटर झाले. म्हणजे यंत्राने ६.३ किलोमीटर दाखवले तरी रस्त्याने तूट दोनशे मीटर अलीकडे आहे. भर रस्त्यात दोनशे मीटर चुकीच्या जागी खोदणे म्हणजे दुसऱ्याच कुणाची केबल किंवा पाण्याची वाहिनी फोडण्याला आमंत्रण.

याचे उत्तर जुन्या नोंदीत असते. केबल टाकली त्या दिवशी प्रत्येक तंतूचा ओटीडीआर आलेख काढून ठेवला असेल, कोणता जोड कोणत्या चेंबरमध्ये आहे हे नकाशावर असेल, तर काम सोपे होते. समजा, जुन्या आलेखात ५.९ किलोमीटरवर एक जोड आहे आणि तो अमुक चौकातल्या चेंबरमध्ये आहे, हे ठाऊक आहे. मग तूट त्या जोडापासून फक्त चारशे मीटर पुढे शोधायची. चूक दोनशे मीटरवरून काही मीटरवर येते. केबलच्या आवरणावर दर मीटरला छापलेले आकडेही इथे उपयोगी पडतात.

नोंद नसेल तर पथक अंदाजाने चेंबरमागून चेंबर उघडत जाते. पावसाळ्यात त्यातले पाणी उपसावे लागते. काही चेंबर नव्या डांबराखाली किंवा काँक्रीटखाली गाडले गेलेले असतात. मिनिटांचे काम तासांवर जाते, ते असे.

तुटलेली फायबर जोडतात कशी?

तंतूचे प्लास्टिकचे आवरण सोलायचे, काच अल्कोहोलने पुसायची, हिऱ्यासारख्या कठीण पात्याने ती अगदी काटकोनात कापायची आणि दोन टोके स्प्लायसिंग यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र दोन्ही गाभे एका रेषेत आणते आणि विजेच्या ठिणगीने काच वितळवून एकजीव करते. त्यावर संरक्षक नळी चढवून ती गरम करून आवळतात. चांगल्या जोडात ०.१ डेसिबलपेक्षाही कमी प्रकाश जातो.

एका जोडाला तयारीसह काही मिनिटे लागतात. पण मुख्य केबलमध्ये ४८ किंवा ९६ तंतू असतात आणि प्रत्येक तंतू त्याच्या रंगाच्या जोडीदारालाच जोडावा लागतो. त्यातच जेसीबीने ओढलेली केबल ताणली जाते, तिची टोके पुन्हा एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. मग मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे तूट एक, पण जोड दोन आणि काम दुप्पट. रस्त्याच्या कडेला, तात्पुरत्या छपराखाली, धूळ आणि पाऊस टाळत हे काम चालते.

प्रत्येक दुरुस्ती राखीव शिल्लकही खाते. एकाच पट्ट्यात केबल वारंवार तुटत राहिली तर काही वर्षांनी, काहीही तुटलेले नसताना, लांबच्या घरांतले इंटरनेट अडखळू लागते. म्हणून जोडल्यानंतर पुन्हा मोजणी करून नवा आलेख जपून ठेवणे गरजेचे असते. घाईत नेमके हेच राहून जाते.

तुटणे थांबवता येईल का?

उंदीर, खांबांवर लोंबणाऱ्या केबलना लागणारी झाडाची फांदी, चेंबरमध्ये शिरलेले पाणी ही कारणे आहेतच. पण एका फटक्यात सर्वाधिक घरे बंद पाडते ते न विचारता केलेले खोदकाम. असमन्वित खोदकामामुळे जमिनीखालच्या फायबर केबलसारख्या सुविधांचे होणारे नुकसान केंद्र सरकारने वर्षाला सुमारे ३ हजार कोटी रुपये सांगितले आहे. त्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करण्यात आले. खोदणाऱ्याने जागा नोंदवायची, तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना संदेश जातो आणि दोघांचा संपर्क होतो. अर्थात, वाहिन्यांच्या मालकांनी आपल्या केबल नकाशावर अचूक नोंदवलेल्या असतील तरच हे चालते. गाडी पुन्हा नोंदीपाशीच येते.

दुसरा उपाय वर्तुळाकार रचनेचा. ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेटमध्ये सुरुवातीला बरीचशी केबल तालुक्यापासून गावापर्यंत एका सरळ रेषेत टाकली गेली. मध्ये एक ठिकाण तुटले की पुढची सगळी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणीवर भर आहे. एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते आणि दुरुस्ती पथकाला दम घ्यायला वेळ मिळतो.

समुद्राखालच्या केबलचे काय?

तत्त्व तेच, प्रमाण मोठे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ ‘सीमीवी-४’ आणि ‘आयमेवी’ या केबल तुटल्या. दोन्ही केबल मुंबईच्या किनाऱ्यालाही लागतात. तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले. लांबच्या सागरी केबलमध्ये ठरावीक अंतरांवर प्रकाश वाढवणारी यंत्रे बसवलेली असतात. साधा ओटीडीआर त्यांच्यापलीकडे पाहू शकत नाही, म्हणून खास प्रकारचे ओटीडीआर वापरतात. पुढे खास जहाज जाऊन केबलची टोके वर ओढते, मध्ये नवा तुकडा जोडते आणि केबल पुन्हा समुद्रात सोडते. तोवर वाहतूक इतर केबलवरून वळवली जाते.

लाल दिवा लागल्यावर घरी काय करावे?

आधी तार नजरेने तपासा. कपाटामागे ती चेपली आहे का, खिळ्याभोवती आवळली आहे का, कनेक्टर अर्धवट निघाला आहे का, हे पाहा. साध्या फायबरला बोटाभोवती गुंडाळण्याइतका वाकही जड जातो. घरात वापरायच्या खास फायबरचा एक प्रकार साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचा वाक सोसतो, पण त्यापुढे तोही नाही. डबा एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. शेजारी विचारा.

तारेचे टोक काढून त्यात डोकावू नका. प्रकाश दिसत नाही म्हणजे तो नाही, असे नसते आणि तो डोळ्याला इजा करू शकतो. टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका. त्याने घाण आणखी बसते. तुटलेल्या तंतूचे तुकडे कातडीत रुततात आणि दिसतही नाहीत. ते चिकटपट्टीने उचलावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

तक्रार करताना तीन गोष्टी सांगा : कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, नेमके किती वाजता बंद पडले आणि शेजारी काय स्थिती आहे. दुरुस्ती झाल्यावर तंत्रज्ञाला ‘किती डीबीएम येतंय?’ असे विचारा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २३ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २६-२७ च्या आसपास असेल तर आज चालू झालेले इंटरनेट पुढच्या पावसात पुन्हा बंद पडण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा दोष तेव्हाच काढून द्यायला सांगा. कंपनीकडे जुनी नोंद नसली, तरी पुढच्या वेळी निदान आपल्याकडे ती असेल.